शिंगराचं नाव

मार्गशीर्ष शुद्ध २, शके १७८६

आले! ओढ्यापलीकडे धूळ दिसली तेव्हाच ओळखलं. खिंगारी. दरवर्षी वेचणीच्या दिवसांत येतात, आमच्या ओढ्याकाठच्या पट्टीत महिनाभर उतरतात, घोडी चारतात, शिंगरं विकतात अन् जातात. ना गाव, ना शीव. घोडं नेईल तिकडं जाणारी जात!

यंदा पट्टी मिळायची नाही. यंदा मी तिथं पऱ्हाटी लावली आहे. विलायतेच्याही पलीकडे कुठं तरी लढाई चालू आहे म्हणतात, अन् इकडं कापसाला कधी नव्हे असा भाव. गावानं बांधावरचं गवतसुद्धा ठेवलं नाही. मीच काय म्हणून मागं राहू? बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं आहे. पण घोडं काट्याला भितं का?

शुद्ध ३

पलीकडे जानरावाच्या खडकाळ पडिकात उतरले. जानराव म्हणजे शेजारी, पण मनानं वैरी. मुद्दाम जागा दिली असणार.

त्यांची म्हातारी तानुबाई अंगणात आली. राम राम नाही, काही नाही. आल्या आल्या विचारते, "घोड्यानं पानी पेलं का?" ही त्यांची रीत! मी म्हटलं, आमच्याकडे घोडाच नाही. तर म्हणते, "तरी बी इचारा लागते."

मग मुद्द्यावर आली. "पांढरी घोडी गाभन हाय. ते पट्टीतच व्याते. तिची माय बी अठीच व्याली होती."

मी म्हटलं, यंदा दुसरीकडे विऊ दे.

"तिले कोन सांगन?"

हसत गेली. अंगाला घोड्याचा वास येतो. अंगण सारवून घेतलं.

शुद्ध ५

दिवसभर मचाणावर बसतो, पट्टी राखायला. त्यामुळे यांचे सगळे तमाशे दिसतात. घोडी चरल्याशिवाय बाप्ये जेवत नाहीत! घोडी सगळी बायकांच्या मालकीची. बाप्यानं बसायचं तर आधी बायकोला विचारायचं, मग घोडीच्या कानात विचारायचं. घोडी मोजत नाहीत, मोजलं की कमी होतात म्हणे. मी मचाणावरून मोजली. बेचाळीस. होऊ देत कमी.

काल लग्न झालं त्यांच्यात. नवरदेव पायी अन् घोडी त्याच्या मागून मोकळी! आणि ऐका — लग्नात नवऱ्याचं नाव बदलतात! काल तो पोऱ्या एका नावाचा होता, आज दुसऱ्या. थोबाडावर लाज नाही. नवरीचं नाव बदलतात ती गोष्ट वेगळी, ती जगाची रीत आहे. मी नाही ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'रुख्मिणी' लिहिलं? पंतोजीकडे दोन वर्षं काढली होती, अक्षर बरं होतं, सगळ्यांनी वाचलं. हिचं आधीचं नाव काय होतं ते आता आठवतही नाही. आठवायचं कशाला?

ही रोज दुपारी त्यांच्या पालात जाऊन बसते. काय करतेस विचारलं तर, "काई नाई. बोलून राहिली होती." काय बोलते? बेचाळीस वर्षांत माझ्याशी भाकर अन् मीठ सोडून बोलली नाही.

आत्ता लक्षात आलं — घोडीही बेचाळीस. असो.

शुद्ध ६

पोट बिघडलं. त्यांच्या घोड्यांनी ओढ्याचं पाणी गढूळ केलं आहे, त्याचंच.

शुद्ध ७

सकाळी मचाणावर होतो, तर एक खिंगारी बाई एका म्हाताऱ्या घोड्याच्या पाठीवर थाप मारून ओरडली, "नत्थूऽ! सरक मांगं!"

नत्थुजी माझे वडील!

काठी घेऊन ओढा ओलांडला. जानराव बांधावरून बघत होता, म्हणून जरा जास्तच ओरडलो. तानुबाईनं घोंगडी झटकून टाकली. "बस गा. शिवी नाई ते. तुह्या बापाचंच नाव हाय. आमच्यात जो जागा देते, त्याचं नाव त्या जागेवर पडलेल्या शिंगराले. पयल्या साली तुह्या बापानं पट्टी देल्ली, तवा पयला नत्थू झाला. हा त्याचा नातू. तू सोता कवा देल्ली नाई, म्हून तेच नाव चालते."

मी म्हटलं, माणसाचं नाव जनावराला? अक्कल गहाण टाकली काय तुम्ही?

"मंग कोनाचं ठेवाव? नाव नाई ते घोडं वाट इसरते."

काय बोलावं असल्यांशी!

शुद्ध ८

डोक्यातून जात नाही. वडील जाऊन बावीस वर्षं झाली. गावात त्यांचं नाव आता कोणी घेत नाही. मीही श्राद्धाला घेतो तेवढंच. अन् हे नागडे-उघडे लोक रोज सकाळी घेतात! खरारा करताना! कुठल्या कुठल्या मुलखात नेलं असेल ते नाव!

मला मुलगा नाही. मुलगी वच्छला दर्यापूरला दिली, तिची मुलं तिकडच्या आडनावाची. माझ्यामागं माझं नाव कोण घेईल?

मूर्खपणा आहे. कापूस छान फुटला आहे.

शुद्ध १०

सहज गेलो होतो ओढ्यापलीकडे. सहज. घोडी पाहिली. पांढरी आहे, ऐटबाज आहे, पोट खाली उतरलं आहे. तानुबाईला म्हटलं, पट्टीचा एक कोपरा देईन — पण वेचणी झाल्यावर.

"घोडी वेचनी पायत नाई, बाप्पा."

म्हटलं, मग चार दिवस थांबवा तिला. अन् माझं नाव ठेवाल तर नीट 'किसनराव' ठेवा. किसन्या नको. हे आधीच सांगून ठेवतो.

सगळं पाल हसलं. तानुबाई म्हणते, "शिंगराले कोनी राव म्हन्ते का?"

काडीची रीतभात नाही!

शुद्ध ११

घोडी ओढा ओलांडून आली अन् कुंपणाशी तोंड करून उभी राहिली. दिवसभर. खात नाही. हाकललं तर दहा पावलं जाते अन् परत तिथंच. मी मचाणावर, ती खाली. माझ्याकडेच बघते असं वाटतं.

जानराव बांधावरून म्हणतो, "काय किसनराव, नाव पायजे का कापूस?"

दोन्ही पाहिजे! त्यात काय चुकलं?

ही भाकर घेऊन आली. घोडीच्या पोटावरून हात फिरवला. म्हणाली, "काटे सरकवा नं. अडली हाय ते."

म्हटलं, खालचं अर्धं वेचायचं राहिलं आहे. बायका परवा येतील वेचायला. घोडीला इतके दिवस दम निघाला, आता निघत नाही?

ही भाकर ठेवून गेली.

शुद्ध १२

उद्या काटे सरकवावेत असं जवळजवळ ठरवलं आहे. आधी वरच्या चार ओळी वेचून घेतो.

शुद्ध १३

सकाळी पट्टीवर गेलो तर काटे बाजूला! पऱ्हाटी आडवी झालेली, कापूस चिखलात, अन् मधोमध पांढरी घोडी शिंगराला चाटते आहे. बोंडं शिंगराच्या ओल्या अंगाला चिकटली होती. मादी आहे. तानुबाई शेजारी बसलेली. ही पण. हिच्या हातांवर बोरीचे ओरखडे, कोपरापर्यंत.

ओरडणार होतो. खूप ओरडायचं होतं. पण आधी तोंडातून काय निघालं? — "मादी असली तरी चालेल. किसनी म्हणा."

तानुबाई म्हणाली, "तुहं कसं? जागा तू नाई देल्ली."

"जमीन माझी आहे!"

"असन तुही. काटे कोनं सरकावले?"

ही खाली मान घालून शिंगराच्या अंगावरचा कापूस वेचत होती. घरी आलो. जेवलो नाही. विचारलंही नाही कोणी.

पौर्णिमा

गेले. शिंगराला चालता येताच निघाले, तीही त्यांची रीत. माघारी सगळा उकिरडा!

मी ओट्यावर होतो. शिंगरू रेंगाळलं तशी तानुबाई वाटेवरून ओरडली, "जयवंताऽ! चाल वं, जयवंता!"

ही कोण जयवंता, असं मी म्हणणार, तोच आतून, चुलीपाशी, ही "ओ" म्हणाली.