तलवारवाल्याची इच्छा

नारायणगाव, रविवार, मे २००४

आई गेल्यावर संदीप आज पहिल्यांदा आमच्या फाशांच्या खेळाला आला, आणि खेळातला नेमका त्याचाच तलवारवाला मेला. खेळातली गोष्ट मी चालवतो, बाकीचे तिच्यातलं एकेक पात्र होतात. नियम सांगितला: पुजारी मंत्राने उठवेल, पण मेलेल्याची परत यायची इच्छा हवी. शिवाय फाशावर सहा पडायला हवेत.

संदीप म्हणाला, "आईच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. समदे म्हणले, सुटली, इच्छा उरली न्हाई. माझ्यासाठीबी न्हाई?"

तो कावळा बघून मलाही हायसंच वाटलं होतं. त्याला असं वाटत असेल, हे डोक्यातच आलं नाही.

पुजारी होऊन विचारलं, "गड्या, यायचंय परत?"

"यायचंय की!" तो ओरडलाच.

फासा मी मुठीतच ठेवला. म्हणालो, "ऊठ."