उभ्या गाडीचा क्लेम

मंगळवार, ३ तारीख

गाडीची वाट लावली! भर दुपारी, पैसे मोजून ठेवलेल्या जागेत! दोन्ही आरसे फोडले. चारही चाकं बसलेली. पुढच्या दोन्ही सीटांची पोटं उघडून स्पंज बाहेर ओढलाय. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्यांच्या सीटा शिवल्या मी. या तर माझ्या स्वतःच्या, सवडीनं शिवलेल्या. बघवेना.

काच फोडलेली नाही, दार मोडलेलं नाही. म्हणजे किल्लीनंच उघडली. किल्ल्या दोन. एक आमच्या दारामागे. दुसरी पार्किंगच्या पावतीवाल्याकडे, त्याच्या खोक्यात खिळ्याला. गाड्या मागेपुढे करायला लागते म्हणून ठेवून घेतो. झालं! आणखी पुरावा कशाला?

विचारलं तर म्हणतो, "काका, किल्ली खिळ्यावरच आहे. मी हात लावला नाही." पण मान खाली. डोळ्याला डोळा देईना. चोराच्या मनात चांदणं!

याला त्या खोक्यातून उठवला नाही तर बापाचं नाव लावणार नाही.

बुधवार, ४

विमा कंपनीत गेलो. काउंटरवर एक पोरगी, फॉर्मवर फॉर्म काढतेय. पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत आणा. पार्किंगची पावती आणा. फोटो आणा. आणि सर्वेअर येऊन बघेपर्यंत गाडीला हात लावू नका, टाकासुद्धा घालू नका!

मग लायसन्स बघितलं. "आजोबा, हे चार महिन्यांपूर्वीच संपलंय."

"गाडी उभी होती बाई! उभ्या गाडीला लायसन्स लागतं होय?"

मागच्या रांगेतला एक जण फिस्सकन हसला. पोरगी हसली नाही. फॉर्मात रकाना आहे म्हणे, भरावा लागतो. नवीन काढायचं तर डोळ्यांचा दाखला पाहिजे.

नासधूस दुसऱ्यानं करायची आणि डोळे माझे तपासायचे! पोलिसांत मात्र पावतीवाल्याचं नाव ठासून लिहून दिलं. हवालदार म्हणाला, "पाहिलंत का त्याला करताना?" मी म्हणालो, ओकारी आल्यावर अन्न कुणी खाल्लं ते विचारता का?

घरी आलो तर हिच्या बोटाला पट्टी. काल बशी फुटली म्हणाली. हल्ली हिचं लक्षच नसतं.

शुक्रवार, ६

डोळ्यांच्या दवाखान्यात तास घालवला. समोर पाटी. डॉक्टर म्हणतो तिसरी ओळ वाचा. मी वाचली. तो म्हणे, तसं लिहिलेलंच नाही! दिवा तरी नीट लावा म्हणावं. दाखला दिला नाही.

येताना रस्ता ओलांडायला हिनं कोपर धरलं. झटकलं. मी काय आंधळा आहे?

लेकीचा फोन. "बाबा, एका अर्थी बरंच झालं. आता गाडी काढू नका." ती सायकलवाली बाई अजून धरून बसल्यात मायलेकी! मागच्या महिन्यात एक बाई एकदम समोर आली. धक्का लागला, पडली, उठली, गेली. कोपर खरचटलं फक्त. ही शेजारच्या सीटवर बसून किंचाळली ते वेगळं. यांनीच मग किल्ली लपवली, मी घर डोक्यावर घेतलं तेव्हा कुठे दिली.

शनिवार, ७

आजपासून दुकानातलं जुनं स्टूल घेऊन पार्किंगच्या दारात बसतो. आत वळणाऱ्या प्रत्येकाला सांगतो — बाबा, गाडी ठेवशील तर सीटा घरी नेऊन ठेव. पावतीवाला खोक्यातून बघतो. अर्ध्या तासानं चहा पाठवला! तिथंच ओतला, त्याच्या पायरीवर.

सोमवार, ९

सर्वेअर आला. गुडघे टेकून सगळं बघितलं, फोटो काढले. डाव्या बाजूचा पोचा बघून म्हणाला, "हा जुना दिसतो."

"खांब आडवा आला होता."

"खांब आडवा येतो?"

"तुम्ही सीटा बघा."

लायसन्सचं म्हणाला, गाडी उभी असताना झालंय, अडणार नाही बहुतेक. बघा! मी हेच म्हणत होतो. फॉर्मात कुणावर संशय असा रकाना होता. पावतीवाल्याचं नाव स्वतःच्या हातानं भरलं. मोठ्या अक्षरात. हल्ली मोठंच काढतो.

मंगळवार, १०

आज सात गाड्या परतवल्या.

गुरुवार, १२

जेवताना ही म्हणाली, "अहो, सोडा ना आता. त्याला दोन मुली आहेत. एकीच्या पायाचं ऑपरेशन व्हायचंय."

म्हटलं, तुला काय ठाऊक?

"असंच. बोलला होता."

कधी बोलला, कुणाशी बोलला! हिचा जीव असा वाटेवर पडलेला, कुणीही उचलावा. मी म्हणालो, माझ्या सीटांना कुणी आई-बाप नव्हते काय? ती उठून गेली. ताट तसंच.

दुपारी पार्किंगच्या मालकाला गाठलं. म्हटलं, एक तर हा माणूस ठेव, नाहीतर गिऱ्हाइकं ठेव. स्टूल माझं आहे, पाय माझे आहेत, वेळ माझ्याकडे मुबलक आहे. मालकाच्या तोंडचं पाणी पळालं.

सोमवार, १६

उठवला! सकाळी मालकानं सगळ्यांदेखत खोक्यातून बाहेर काढला. डबा, छत्री आणि भिंतीवरचा मुलींचा फोटो, एवढंच सामान.

माझ्या स्टुलासमोर येऊन थांबला. मला वाटलं आता शिव्या घालणार. मी तयारच होतो. म्हणाला, "काका, कुणी केलं ते मी पाहिलंय. पण सांगणार नाही. शब्द दिलाय."

घ्या! स्वतःच्या तोंडानं कबूल! साथीदार आहे याचा, म्हणून तर मिठाची गुळणी. पोलिसांना हेही कळवायचं.

जाताना म्हणाला, "काकूंना नमस्कार सांगा."

बेशरम! हिला येऊन सगळं सांगितलं. भांडी घासत होती. नळ तसाच वाहता ठेवून उभी राहिली, शेवटी मीच बंद केला.

मंगळवार, १७

नवा पावतीवाला. तोंड वर करून बघतसुद्धा नाही. गाड्या कशाही लावतो. असो. आपला वचपा निघाला.

गुरुवार, १९

क्लेम मंजूर! काउंटरच्या पोरीचा फोन. उद्या येऊन सही केली की झालं. सीटांना आता हात लावायला हरकत नाही म्हणाली. चाकांत हवा भरून घेतली. सीटांची कव्हरं काढून घरी आणली, ताजं ताजं शिवून टाकू म्हणून.

मांडीवर घेतलं आणि बोट फिरवलं. थांबलो. पुन्हा फिरवलं.

कापड कुठंच फाटलेलं नाही! एक ओरखडा नाही. शिवण उसवलीय फक्त. दर तिसरा टाका खालून कापलाय आणि दोरा वरून अलगद ओढून घेतलाय. असं उसवलं की जुन्याच भोकांतून पुन्हा शिवता येतं. त्या दिवशी सीट नुसती उघडी दिसली, हे दिसलंच नव्हतं.

म्हणजे पावतीवाल्याचा साथीदार कारागीर आहे! आमच्याच धंद्यातला! माझ्या दुकानात किती जण शिकून गेले. एकेक नाव आठवून मागच्या पानावर यादी केली. कुणाला पगार कमी पडला, कुणाला थप्पड पडली होती. उद्या विमा कंपनीत सही करतो आणि तिथून एकेकाचं दार वाजवतो. सोडत नाही. आहे कोण हा?

शुक्रवार, २०

सुईत दोरा ओवून द्यायला हिला हाक मारली, दुकानात मारायचो तशी. दोरा ओवला, सुई माझ्या हातात दिली, हात धरूनच ठेवला.

"अहो, कापड चांगलं होतं. मला फाडवेना."

मग म्हणाली, त्या सायकलवालीनंतर तिला झोप नाही. पावतीवाल्यानं पाहिलं, ती त्याच्या पाया पडली, म्हणून तो गप्प राहिला.

सही केली नाही. फॉर्म परत मागून घेतला. दारामागची किल्ली हिच्या हातात दिली. पावतीवाल्याचं घर हिला माहीत आहे. आधी त्याच्याकडे, मग त्याला घेऊन मालकाकडे.

चालत निघालोय. रस्ता ओलांडताना कोपर धर म्हणालोय.