डावा सांगेल, उजवा ऐकेल

४ नोव्हेंबर, ग्वांगझू
मेंदूचा झटका, म्हणे. माझ्या वयात! झोप अपुरी, दुसरं काय. उजवा हात जरा रुसलाय. हे डाव्यानं लिहितोय. अक्षर आधीपेक्षा बरंच.
हॉस्पिटलच्या क्वांग मॅडमनी यंत्र घरी दिलं. डाव्या हाताला वायरींचा मोजा, उजव्याला मोटारीचा पंजा. डावा करेल तेच उजवा करतो. आज उजवी मूठ उघडली! मॅडम म्हणाल्या, हात नाही, यंत्र उघडतंय. शिकलेली माणसं कौतुकात कंजूष.
ठराव: याच महिन्यात मामाच्या दुकानात पुन्हा कणकेच्या नूडल हातानं ओढायला उभं राहायचं.

७ नोव्हेंबर
मामानं विचारलं, भाच्या, गोळ्या घेतोस ना? घेतो म्हटलं. परवापर्यंत घेतच होतो. प्रेशर उत्तम आलं. उत्तम माणसानं औषध का खावं? गोळ्यांनी पाय जड होतो. बंद केल्यावरही जडच आहे, पण अंगात मुरलेल्या असणार.
दुकानात रश्शाला मीठ कमी असतं. मी वरून घेतो.

११ नोव्हेंबर, पहाटे
डोकं ठणकतंय. इथली हवाच दमट. आमच्या डोंगरात डोकी दुखत नाहीत.
मामानं गावाहून हारूनला आणलंय, माझ्या जागी. मला म्हणाला, जुम्म्याला ओढून दाखव, नाहीतर घरी जा. हारून म्हणाला, शाबानभाई, टेबलं पुसा की, एका हाताचं काम आहे. हसू दे लेकाला.

१४ नोव्हेंबर, जुम्मा
नमाजानंतर दुकान भरलेलं. पंजा चढवून उभा राहिलो. कणीक लोण्यासारखी. लड ताणली, दुमडून दोन्ही टोकं उजव्यात धरली. मधला वळसा उचलायला डावा उघडला, तर उजवाही उघडला. इतका आज्ञाधारक! अख्खी लड हारूनच्या बुटांवर. तो म्हणाला, भाई, वाडग्यात वाढा, पायात काय वाढता? गिऱ्हाइकं हसली. मामा हसला नाही.
यंत्रवाल्यानं जन्मात नूडल ओढलेली नाही. टाळीला दोन्ही हात सारखे चालतात. आमच्यात एकानं धरायचं, तेव्हाच दुसऱ्यानं सोडायचं. दोष सगळा त्याचा. मामाकडे आणखी एक दिवस मागितला. तोंड फिरवून हो म्हणाला.

१५ नोव्हेंबर, सकाळी
सरावाला बसलो. डाव्याला म्हटलं, वळ. मूठ अर्धीच वळली. उजवीही अर्धी. मोजा बिघडला. काढून पाहिला तरी अर्धीच. मोज्याची सवय लागली असणार. पेनही खराब, रेघ खाली घसरतेय.
मामाला सांगितलं, यंत्र बदलून आण. तो म्हणतो, काय? नीट बोल. पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच, काय? हारूनलाही ऐकू येईना. आता तो गुडघ्यांवर बसून मला बूट घालतोय, नजर वर करत नाही. मामा फोनवर ओरडतोय, गाडी पाठवा, लवकर पाठवा.
बरं झालं. गाडी येतेच आहे, तर मामाचे कान दाखवून आणतो.