सत्तावीस नोंदी

वसतिगृह, खोली क्र. १४
२० जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पोचले, जेवले, झोपले आणि दुसऱ्या दिवशी रडले. क्रम मुद्दाम दिलाय, तुम्हाला सगळं क्रमाने लागतं. आता बरी आहे, काळजी नसावी.

इथे आमचे फोन सोमवारी कपाटात जातात ते रविवारी दोन तास बाहेर येतात. तुम्ही तरी फोनवर ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे काय बोलता! म्हणून पत्रच बरं. वरच्या वर्गातल्या मुली सांगतात की हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम प्रवेश मिळेपर्यंत स्वर्ग वाटतो आणि मिळाल्यावर नुसतं भरडतो. सहा विषय, त्यांची प्रयोगवह्या-टिपणं, समाजसेवेचे तास, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे एक लांबलचक शोधनिबंध. तो स्वतः गोळा केलेल्या माहितीवर हवा. सहाही विषयांत पहिली आले आणि तो नापास झाला, तर डिप्लोमा नाही.

प्रवेशाच्या अर्जात मी तुमच्यावर लिहिलं होतं ना, ते मुख्याध्यापकांनी पहिल्याच सभेत सगळ्यांना वाचून दाखवलं. माझे बाबा नदीची पातळी मोजतात, बावीस वर्षांत त्यांची एकही नोंद चुकली नाही, आई गेली त्या दिवशीसुद्धा ते मोजपट्टीपाशी होते, हे सगळं. आता तो कागद ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लावलाय. या गोष्टीचा मला किती राग होता तुम्हाला ठाऊकच आहे. आई एकटीच गेली म्हणून वर्षभर मी तुमच्याशी धड बोलले नव्हते. पण लिहिता लिहिता राग कुठे गेला कळलंच नाही बाबा. मुलाखतीत बोलताना तर चक्क अभिमान वाटत होता.

म्हणून शोधनिबंधही तुमच्याच नदीवर करायचा म्हणते. तुमच्या रजिस्टरातली पाच वर्षं आणि वरच्या पुलावर जे आपोआप मोजणारं यंत्र आहे त्याची पाच वर्षं, शेजारी शेजारी मांडायची. वर पाणी चढलं की आपल्याकडे किती तासांनी चढतं ते काढायचं. यंत्राचे आकडे मला खात्याकडून मिळाले. रजिस्टर बाहेर नेता येत नाही, तर नक्कल करून पाठवाल का?

कळावे, आणि कळल्याचं लगेच कळवावे.
तुमची,
खारू


नदीकाठचं क्वार्टर
९ जुलै

चि. खारूस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. किती वेळ रडलीस ते लिहिलं नाहीस, नोंद अपुरी आहे.

नकलेला साहेबांनी परवानगी दिली. साहेब उंटावरून शेळ्या हाकणारे. रजिस्टरं कोणत्या कपाटात असतात तेही त्यांना मीच दाखवलं. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा अशा रोज तीन, म्हणजे पाच वर्षांच्या साडेपाच हजारांच्या आसपास नोंदी होतात. संध्याकाळची नोंद झाली की एक पान उतरवतो. घाई करू नकोस, आमच्याकडे ‘पी हळद आणि हो गोरी’ चालत नाही. नक्कल म्हणजे नक्कल. आहे ते तसंच उतरवायचं, पदरचं घालायचं नाही आणि गाळायचंही नाही, ही आमच्या कामाची पहिली शिस्त.

घर ठीक. भात अजून दोघांचाच होतो, मग मांजर खातं. ते आता पायरी चढताना धापा टाकतं.

एक विनंती आहे. तो फळ्यावरचा कागद काढायला सांग. मी काही एवढा मोठा माणूस नाही. नोकरीचे चौदा महिने उरलेत, ते गुपचूप जावेत. तू लिहिलंस ते चांगलंच लिहिलंस, पण मला ते वाचवत नाही.

थंड पाण्याने आंघोळ करू नकोस. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.
तुझा,
बाबा


वसतिगृह
१६ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सगळ्या वह्या मिळाल्या. भूगोलाच्या बाई म्हणाल्या की असं अक्षर हल्ली छापखान्यातसुद्धा निघत नाही. मी म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला, वडील कोणाचे आहेत!

निबंध छान चालला होता. पुलावर पाणी चढलं की साधारण चार तासांनी आपल्याकडे चढतं. पाच वर्षं बघितली, सगळीकडे जुळतं. फक्त एका जागी जुळत नाही. आई गेली त्या वर्षीचे सात ते पंधरा ऑक्टोबर, हे नऊ दिवस. पुलावरच्या यंत्रात तेरा तारखेला दुपारी पाणी एकदम पावणेदोन मीटर चढलंय आणि मध्यरात्रीपर्यंत उतरलंय. तुमच्याकडे मात्र त्या संध्याकाळी सहाला ते उतरतंच आहे. आणि उतरतं तरी कसं? दर नोंदीला बरोबर एक सेंटीमीटर. नऊ दिवसांच्या सत्तावीस नोंदी आणि सत्तावीस सेंटीमीटर. आपली नदी इतकी शहाणी कधीपासून झाली हो?

तेरा तारीख म्हणजे नावाडीकाका बुडाले ती संध्याकाळ. धोक्याच्या खुणेवर पाणी गेलं की तुम्ही लाल बावटा लावता आणि नाव बंद होते. त्या दिवशी बावटा नव्हता. चौकशीत म्हणे पुलावरचं यंत्र नवीन म्हणून बिघडलेलं ठरलं, तुमचं रजिस्टर खरं धरलं, आणि काका प्यायलेले असावेत असा शेरा मारला. काकी दारोदार सांगत होत्या की तो थेंबाला शिवत नव्हता, ते मला आठवतं. मग मध्येच पाणी गेलं कुठे?

बाई म्हणतात की कारण न देता नऊ दिवस गाळले तर निबंध नापास. नोंदी ज्याने घेतल्या त्यालाच विचार, म्हणाल्या. विषय बदलायची मुदत संपली आणि जानेवारीअखेर निबंध द्यायचाय. तेव्हा आठवून लिहा, तुमच्याशिवाय हे कोणाला सांगता येणार?

वाट बघते आहे, ती फार बघायला लावू नये.
तुमची,
खारू


२७ नोव्हेंबर

चि. खारूस,
अ. उ. आ.

यंत्र बिघडलेलं होतं असं चौकशीत ठरलेलं आहे. तेच लिही.

हात जरा दुखतो म्हणून पत्र लहान. अभ्यास कर.

बाबा


८ डिसेंबर

चि. खारूस,
मावशीचे अ. आ.

माझं पत्र बघून दचकली असशील. शिवणाच्या बिलावर नावं लिहिण्यापलीकडे माझ्या हातात पेन येत नाही. पण गप्प बसवेना.

तुझे वडील रविवारी आले होते. दारातच उभे, आत येईनात. चहाचा कप हातात धरून बसले तो गार झाला. तू काय विचारलंस ते सांगितलं आणि रडले. माझी बहीण गेली तेव्हाही त्या माणसाच्या डोळ्यांत मी पाणी बघितलं नव्हतं.

आता ऐक. त्या नऊ दिवसांत भावोजी नदीवर नव्हतेच. ते इस्पितळात तुझ्या आईपाशी होते. तुला माझ्याकडे ठेवलं होतं, लहान मुलांना वॉर्डात सोडत नव्हते. मी दोनदा डबा घेऊन गेले, दोन्ही वेळा ते तिच्या खाटेला चिकटलेले. त्या सत्तावीस नोंदी त्यांनी नंतर घरी बसून भरल्या. तू घरी आल्या आल्या, नावाड्याच्या चौकशीला खात्याची माणसं बसलेली असताना, सगळ्यांदेखत त्यांना विचारलंस की बाबा, तुम्ही आईजवळ होता का. ते काय बोलणार? नव्हतो म्हणाले, पाणी मोजत होतो. तेच त्यांच्या अंगाला चिकटलं. तू वर्षभर बोलली नाहीस तेही त्यांनी गिळलं.

पोरी, झाकली मूठ सव्वा लाखाची. निवृत्तीला नऊ महिने राहिलेत. हे बाहेर गेलं तर पेन्शनही जाईल आणि अब्रूही. नावाडी काही परत येणार नाही. तू हुशार आहेस, दुसरं काहीतरी लिही. बापाला वेठीला धरू नकोस.

वाचलंस की हे पत्र फाडून टाक. माया कमी करू नकोस, ना माझ्यावर ना त्यांच्यावर.
तुझी,
मावशी


वसतिगृह
१५ डिसेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मावशीने मला सगळं लिहिलं. तिच्यावर रागावू नका.

तुम्ही तिथे होता. मी तिचं पत्र जिन्यात बसून वाचलं आणि आधी आनंदच झाला बाबा, खरं सांगते. आई एकटी नव्हती. चार वर्षं मी रोज तिला एकटी बघत होते. मग काकी डोळ्यांपुढे आल्या आणि मला माझ्या आनंदाची लाज वाटली. मी तुमच्याशी बोलत नव्हते तेव्हा तुम्ही एकदा तरी का नाही सांगितलंत? मला राग आलाय, आणि तुम्हाला भेटावंसंही वाटतंय. दोन्ही एकदम येतं.

फळ्यावरचा कागद मी काल काढला. विचारलं तर वाऱ्याने गेला म्हणेन.

शोधनिबंध मी देणार नाही. डिप्लोमा जाईल, नुसते विषयांचे गुण मिळतील, त्यावर कुठेतरी प्रवेश मिळेल. दगडापेक्षा वीट मऊ. बाईंना सांगितलं की विषय झेपला नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या तोवर मी वही उचलून बाहेर आले. यात तुम्ही मध्ये पडू नका, माझं ठरलंय.

मला फक्त एक लिहा. आईचे ते नऊ दिवस कसे गेले? तिच्या शेवटाबद्दल मला काहीच माहीत नाही, आणि आता कळलं की तुम्हाला माहीत आहे.

तुमची,
खारू


४ जानेवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच मी साहेबांना लेखी देऊन आलो होतो. तेव्हा तुझं ठरलं ते उशिरा ठरलं. बाईंकडे जा आणि निबंध देते म्हणून सांग. लिही, की सात ते पंधरा ऑक्टोबर निरीक्षक जागेवर नव्हता, सोळा तारखेला त्याने घरी बसून आकडे भरले, आणि निरीक्षक तुझा बाप आहे. यंत्र बरोबर होतं. फळ्यावरच्या कागदाचंही मुख्याध्यापकांना तूच जाऊन सांग. वाऱ्यावर ढकलू नकोस.

मला कामावरून थांबवलंय. चाव्या आणि बावटा जमा केला. महिनाअखेर क्वार्टर सोडायचं, सध्या मावशीकडे जाईन. पेन्शनचं चौकशीनंतर ठरेल. नव्या माणसाला मोजपट्टी कशी वाचायची ते दोन दिवस शिकवलं, पोरगा बरा आहे.

मग काकीकडे गेलो. तुला एक माहीत नाही. तुझ्या आईला नेलं तेव्हा माझ्या जागी यायला माणूस नव्हता, आणि रजा लेखी मागून उत्तर येईपर्यंत थांबायला माझ्याकडे वेळ नव्हता. नावाडीच म्हणाला की तुम्ही बिनघोर जा, पट्टीवर मी नजर ठेवतो. त्याला आकडे वाचता येत नव्हते हे मला माहीत होतं. तरी गेलो. आणि चौकशीत त्याला दारुडा ठरवत होते तेव्हा मी रजिस्टर पुढे करून गप्प उभा राहिलो. हे सगळं काकीला सांगितलं. तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं की शेरा निघेल ना, पोरांना शाळेत ऐकून घ्यावं लागतं. निघेल म्हणालो. मग तिने विचारलं, की त्या दिवशी परत यायला हवं होतं असं मला आता वाटतं का. मी खाली बघत राहिलो. थोड्या वेळाने तिने दार लावून घेतलं.

आता तू विचारलेलं. पहिले पाच दिवस तुझी आई शुद्धीवर होती आणि चिडलेली होती. मी दाढी केली नाही म्हणून चिडायची, उशी पातळ म्हणून चिडायची. तुझी वेणी मावशी घट्ट घालते, पोरीचं डोकं दुखेल, हे तीनदा तरी बोलली. रोज सकाळी सहाला डोळे उघडायची आणि विचारायची की नोंद कोण घेतंय. मी सांगायचो की बदली माणूस आलाय. सहाव्या दिवशी ताप चढला, बोलणं कमी झालं.

तेराला दुपारी तिला जरा हुशारी आली. खिडकीतून नदीच्या वरच्या अंगाला आभाळ काळं झालेलं दिसत होतं. तिने माझ्या हातातला हात काढून घेतला आणि म्हणाली, की बदली माणूस नाही हे तिला पहिल्या दिवसापासून कळतंय. तीनच्या गाडीने निघालात तर पाचला पोचाल, बावटा लावा आणि रात्रीच्या गाडीने परत या, मी कुठे जात नाही. असं तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा रागावून. मी बरं म्हणून उठलो, खाली जिन्यात जाऊन बसलो. गाडी सुटेपर्यंत तिथेच होतो. मग वर येऊन सांगितलं की गाडी चुकली. तिने तोंड फिरवलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही, आणि रात्रीपासून तर बोलण्यासारखी राहिलीच नाही. पंधराला पहाटे गेली. हात माझ्या हातात होता.

मला तिचा दीड दिवस मिळाला, खारू, तोही न बोलता. त्यापायी एक माणूस गेला. काकीपुढे मी खाली बघत होतो ते उत्तर नव्हतं म्हणून नव्हे. तीच दुपार पुन्हा आली तरी मी ती गाडी चुकवीन. हे काकीला तोंडावर सांगता येत नाही, साहेबांना लिहून देता येत नाही. तुला सांगितलं.

लोभ ठेवायचा की नाही, ते आता तू ठरव.
तुझा,
बाबा