सूचक म्हणून माझं नाव

प्रिय शहादेव,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. अक्षर तुझंच आहे हे पाहून निम्मा जीव भांड्यात पडला, उरलेला निम्मा तू दारात दिसलास की पडेल. म्हैस गाभण आहे, तुझ्या आप्पांचा गुडघा तसाच आहे आणि नेकनूरच्या बाजारात कडब्याच्या पेंढीलाही आता वशिला लागतो. एवढ्या झाल्या बातम्या. पुढचं मात्र बसून, सावकाश वाच.

तुझा मित्र गेला आणि चार दिवस त्याला डोंगरावरून खाली आणता आलं नाही, हे वाचून मी चुलीपुढून उठलेच नाही. त्याखाली तू लिहिलंस, सरकारनं एकदाचा तो अणुबॉम्ब टाकावा आणि युद्ध संपवावं, म्हणजे उरलेले तरी घरी जातील. मी पत्राची घडी घातली. संध्याकाळी दूध घालायला जाताना आप्पांनी ते डेअरीवर नेलं आणि तिथं मोठ्यानं वाचून दाखवलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, आणि आपल्या दूध संस्थेचे चेअरमन माणिकराव पेटूनच उठले.

गुरुवारी संस्थेची सभा झाली. मी महिलांच्या राखीव जागेवरची संचालक. माझं काम तुला माहीत आहे: चहा यायच्या आत सही करायची आणि सचिवानं ठराव वाचला की सगळ्यांबरोबर 'मंजूर' ओरडायचं. आपला आश्रुबा तर इतका भरभर वाचतो की त्याला स्वतःला तरी कळत असेल का, देव जाणे. माझे कान विषय क्रमांक पाचकडे लागलेले, तो चारा छावणीचा होता. चौथ्याला मीही मंजूर म्हटलं, चांगलं खणखणीत. काल इतिवृत्ताची वही पाहायला मिळाली तेव्हा चष्मा लावून वाचलं: 'सरकारने अणुबॉम्ब वापरून हे युद्ध तात्काळ संपवावे.' सूचक, सौ. केशरबाई.

आश्रुबाला विचारलं, माझं नाव काहून घातलंस? म्हणाला, "मावशी, राखीव जागेच्या बायका सभेत बोलत न्हाईत. मंग सूचक म्हणून तुमचीच नावं टाकायची, ही आपली पद्धतच हाय की." मग माणिकरावांकडे गेले. ते म्हणाले, "वहिनी, लेक तुमचा हाय तिकडं. रोज थोडी थोडी माणसं मरण्यापरीस एकदाच काय ते होऊन जाऊ द्या." मी तशीच माघारी फिरले. तू परत यावास म्हणून मी कशाकशाला हो म्हणेन, याची मला माझीच भीती वाटली.

ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी आपण गुरांनाही का पाजत नाही, हे तू लहानपणी विचारायचास आणि मी तुला रागावून गप्प करायची. आता सांगते. बहात्तरच्या दुष्काळात मी नुकती सासरी आले होते. त्या विहिरीवरून आपलं आणि खालच्या भावकीचं कुऱ्हाडीपर्यंत गेलं होतं, दोघांची डोकीही फुटली होती. तुझ्या आजोबांनी तिच्यात एंड्रिनचा, पिकावर फवारायच्या विषाचा, डबा ओतला आणि काठावर लाल फडकं बांधलं. म्हणाले, आता कोणाचीच नाही, मिटलं भांडण. आणि खरंच मिटलं रे, कदाचित चार मुडदे पडायचे वाचलेही असतील. पण दुष्काळी कामावर खडी फोडून परतणारी भिवराबाई परगावची होती. तिला ना आपली भावकी ठाऊक, ना त्या फडक्याचा अर्थ. ती पाणी प्याली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ती घरच्या दोन पोरींची नावं घेत होती. पोलीस आले तेव्हा सगळ्यांनी माहीत नाही म्हणून सांगितलं. डबा मी डोळ्यांनी पाहिला होता, तरी मीही तेच म्हटलं. माझं पहिलं 'मंजूर' ते. आजोबा शेवटपर्यंत म्हणत राहिले, भांडण तर मिटलं ना. त्या पोरींना जाऊन विचारायला मात्र आमच्यातलं कोणी गेलं नाही.

तू म्हणशील, आई, तू इथं बर्फात नाहीस. नाहीच. तुला काय सोसावं लागतं ते मला कळणार नाही, आणि तुझ्या त्या ओळीचा मला रागही नाही. पण सीमेपलीकडे कोणी बाई घागर घेऊन निघालेली असेलच. युद्ध तिला विचारून सुरू झालेलं नाही. तिला मारून ते संपवा, असं माझ्या नावानं कोणी लिहायचं नाही.

ठराव दिल्लीला पाठवायची घाई आहे, म्हणून उद्या सकाळी तातडीची सभा आहे. पहिला विषय, मागील इतिवृत्त कायम करणे. तिथं मी उभी राहणार, माझं नाव खोडायला लावणार आणि विरोध लिहून घ्यायला लावणार. कारण विचारलं तर विहिरीची गोष्ट भरसभेत सांगणार. आप्पा कालपासून माझ्याशी बोलत नाहीत, बापाचं नाव निघेल म्हणून. ठराव तरीही मंजूर होईल, हे मला ठाऊक आहे.

मग गावातलं कोणीतरी तुला लिहील की तू घरी आलेला तुझ्या आईलाच नको आहे. ते दुसऱ्याच्या अक्षरात वाचण्याआधी तू माझ्या अक्षरात वाचावंस, म्हणून हे पत्र. तू मला हवा आहेस, शहादेव, या जगातल्या कशाहूनही जास्त. ये. पण कोणाच्या पोरींची आई मारून मला तुला घरी आणायचं नाही.

लोक उद्या काहीही म्हणोत, तुझीच,
आई