खणणाऱ्याचं हाड

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण प्राणिशास्त्राच्या त्या प्रॅक्टिकलची माझी फुशारकी अजून उतरलेली नाही. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. यंदा नापास झाले तर शिक्षण बंद, स्थळं बघायची, असं बोटीवर नोकरीला असलेल्या बाबांनी पत्र पाठवून कळवलं होतं. तुमच्या शिकवण्याच्या तऱ्हेची तर सगळं कॉलेज चेष्टा करायचं. डोळे मिटायला लावायचात, हातात हाड द्यायचात. हाडांना बांधलेल्या नावांच्या चिठ्ठ्या तुम्ही स्वतः कधी वाचतच नव्हतात. मी पहिल्यांदा घाईने 'ससा' म्हणाले तेव्हा सगळ्यांदेखत खेकसलात, "नावाची घाई कसली गो तुला? आधी तो पोट कसा भरायचा ते सांग!" त्या दिवशी घरी जाऊन रडले होते.

परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक एक दंडाचं हाड पुढे सरकवतात. मी डोळे मिटते. आखूड, जाडजूड, कोपराकडे पसरट, स्नायूंना धरायला भलीमोठी धार. "खवल्या मांजर," मी म्हणते. ते चिठ्ठ्यांवरून केलेली यादी बघून नकारार्थी मान हलवतात आणि म्हणतात, "कुत्रा." तुम्ही खिडकीपाशी उभे, तुम्हाला बोलायची मुभाच नव्हती. पण माझी जीभ ऐकेना. "नाही सर. कुत्रा धावून पोट भरतो, त्याचं हाड लांब, सडपातळ असतं. ह्याने जन्मभर वारुळं फोडलीत."

कपाटातून दुसरं हाड निघालं. चिठ्ठी खवल्या मांजराची आणि हाड काठीसारखं सरळसोट! परीक्षक मोठ्याने हसले आणि त्यांनी माझे मार्क सुधारले. तुम्ही पुढे होऊन म्हणालात, "चिठ्ठ्यांची चूक माझी." मी जिंकले होते, सर! बाहेर आल्यावर "जिभेला हाड नाही गो तुझ्या," म्हणालात, पण डोळ्यांतला आनंद काही लपला नाही. एस.टी.त मी घरापर्यंत उभीच राहिले, बसवेचना. पुढे मी शिकले, शिकवलं, ते सगळं त्या दिवसाच्या जोरावर.

तुम्ही असतात तरी हे पत्र मी पेटीत टाकलं नसतं. पहिल्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, बुरशी जावी म्हणून तुम्ही हाडं गच्चीवर उन्हात घातलीत आणि राखणीला मला बसवलंत. वाऱ्याने दोन चिठ्ठ्या सुटल्या. मी त्या अंदाजाने बांधल्या. हे मला आठवलं ते तुम्ही चूक पत्करलीत तेव्हा, आणि तरी मी मान ताठ ठेवून गप्प उभी राहिले.