फुलावर आलेला घास

५ सप्टेंबर, गुरुवार

आलो एकदाचा. केजच्या स्टँडवरून काळी-पिवळी जीपमध्ये बसलो, तर मांडीवर कुणाच्या तरी कुकरचं खोकं आणि खांद्यावर एका आजोबांची झोप. पण फार्म पाहिला आणि शिणवटा पळाला. विजयसिंह आबांचा हा घोड्यांचा फार्म. सहा घोड्या, एक शिंगरू, दोन बैल आणि आता पशुसंवर्धन डिप्लोमावाला मी, संगमेश, चाऱ्याचा व्यवस्थापक. स्वतंत्र पत्र्याची खोली, खिडकीबाहेर दोन एकर लसूणघास. आईला फोन करून सांगितलं, तुझं पोरगं साहेब झालं.

घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार त्रिंबकमामा इथं तेवीस वर्षं आहेत. त्यांची बायको छबुबाई झाडलोट बघते. तिनं आल्याआल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं केली. मैना नावाची पांढरी घोडी मामांशिवाय कुणाच्या हातून पाणी पीत नाही म्हणे. मला तर तिनं पाठच दाखवली. दाखवू दे, पटेल ओळख.

९ सप्टेंबर, सोमवार

घास निळ्या फुलावर आलाय आणि फुलांवर भुंगेरे बसलेत. काळे, पाठीवर नारिंगी पट्टे, मोठे देखणे. ऊन चढलं की येतात आणि पाकळ्या कुरतडत बसतात. काडीनं टोचलं तर मेल्याचं सोंग घेतात, गुडघ्यांतून पिवळं पाणी सोडतात. मामा म्हणाले, ह्यास्नी हिंगे म्हणत्यात, ते पाणी लागलं की कातडीला फोड येतो. पण मारायचं न्हाई, ह्यांची पिल्लं जमिनीत नाकतोड्याची अंडी खात्यात, ते बी आपल्या कामाचंच हाय. फक्त फुलावरचा घास कापला की उन्हात पसरायचा, झाडायचा, हिंगे उडाले की मगच घोड्यापुढं टाकायचा. बैलाला एखादा पचंल, घोड्याला न्हाई.

हेच त्यांनी तीनदा सांगितलं. मी तीनदा मान डोलावली. मामा अंगठेबहाद्दर, पण म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं.

१४ सप्टेंबर, शनिवार

मामा सकाळीच पाहुण्यांच्या मातीला गेले होते. चारा माझ्याकडे होता आणि मला केजला जायचं होतं, मोबाईलची काच बदलायला. घास पसरत, झाडत बसलो असतो तर जीप चुकली असती. ओला घास तसाच कडबाकुट्टीत सारला, बारीक केला आणि मैनेच्या गव्हाणीत टाकला. बाकीच्यांपुढं कडबा होताच. काम कसं झटपट झालं. परतलो तेव्हा मामा आले होते, तिला पाणी पाजत होते.

१५ सप्टेंबर, रविवार

मैना गेली.

सकाळपासून तोंड पाण्यात बुडवून उभी होती, पण पीत नव्हती. लघवीतून रक्त. डॉक्टर पोचेपर्यंत आडवी झाली. मामा तिचं डोकं मांडीवर घेऊन लेकरासारखे रडले. डॉक्टर म्हणाले, विषबाधा. मी गव्हाणीकडे गेलो. तळाला चिरडलेले नारिंगी पट्टे चिकटले होते. हातानंच खरवडून उकिरड्यात टाकले.

आबांनी विचारलं, काल घास कुणी घातला. मी म्हणालो, मामांनी. इतकं पटकन निघून गेलं तोंडातून. मामा म्हणाले, म्या फकस्त पाणी पाजलं. आबांच्या डोक्यात बसलं की गावच्या राजकारणातल्या विरोधकांनी मामांना फोडून विष घालायला लावलं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आबांनी पोलिसांना तोंडी सांगितलंय. मामांना रोज ठाण्यात बोलावतात, दिवसभर बाकड्यावर बसवतात. माझ्या एका वाक्यानं ते सुटतील. ते वाक्य मला पाठ आहे. नोकरीला दोन आठवडेही झाले नाहीत, आईला काय तोंड दाखवू. लाज वाटते, पण पाय उचलत नाही.

बोटांच्या बेचक्यांत फोड आलेत. खरवडताना ते पाणी लागलं असणार. सकाळी दहाला उशीवर दोन हिंगे बसले होते, उन्हाच्या कवडशात. झटकले. परत आले.

१९ सप्टेंबर, गुरुवार

छबुबाई आली. शिकल्यासवरल्या माणसाचं आबा ऐकतील, माझ्या मालकासाठी एक शब्द टाका म्हणाली. मग तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. घरी जाऊन तेलात हळद कालवून आणली आणि फोडांना लावत बसली. लावता लावता थांबली. म्हणाली, हे हिंग्याचं पाणी हाय, चिरडल्याबिगर येवढं लागत न्हाई. कुठं लागलं? मी म्हणालो, बाजरीत. ती म्हणाली, बाजरी तर कवाच निघाली. आणि उरलेली हळद लावून गेली.

तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

२१ सप्टेंबर, शनिवार

घास नुसता निळा झालाय आणि फुलावर एकही हिंगा नाही. सगळे माझ्या दारावर. रात्री नसतात. ऊन आलं की येतात, फुलावर येतात तसे. फोड दंडापर्यंत गेलेत. मधोमध टोक धरलंय, कळी धरते तसं.

२२ सप्टेंबर, रविवार

आबांकडे गेलो. खरंच सांगणार होतो. तोंड उघडलं आणि जिभेखालून काहीतरी चाललं. सहा पाय — मोजता आले. आबांना वाटलं ताप आहे. जाऊन पड म्हणाले. मी आलो. सुटल्यासारखंही वाटलं. तेच वाईट —

२३ सप्टेंबर, सोमवार

आज अकराला आबा लेखी तक्रार देणार. मग मामांवर गुन्हा दाखल. जीभ सुजलीय, बोलता येत नाही. पण सगळं या वहीत आहे. वही दिली की झालं.

दहा वाजले. दंडावरचा फोड उमलला. आत पिवळ्या पाकळ्या. दुखत नाही. तीन बसलेत — कुरतडतायत —

छबुबाई दाराबाहेर आहे. ठाण्यात निघालीय, जाता जाता विचारते, बरं हाय का, काही पाहिजे का. फटीतून वही सरकवायची, बस. देतो. एवढं लिहून —

परत विचारलं तिनं. देतो. आधी आईसाठी दोन ओळी —

तिसऱ्यांदा. म्हणाली, झोपला असाल, जीप चुकंल, जाते मी —

पावलं लांब गेली. अजून फाटकापाशीच असेल. हाक मारता येत नाही. पळत गेलो तर गाठीन. उठतो — मांड्यांवर सगळीकडे उमललंय — खिडकी काळी झाली — आत येतायत — वही मिटून उठतो, हे एवढं वाक्य